नॅस घेताय? डबा सगळ्यात आधी निवडू नका

मी नॅस घेतला तेव्हा सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी डबा घेतला कारण सेल चालू होता, मग डिस्क घेतल्या, मग कळलं की राउटरच बोंबलतोय, मग कळलं की टीव्हीला अर्ध्या फाइलींचा आवाजच समजत नाही, आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे सातआठ महिन्यांनी, बॅकअप नावाचं एक प्रकरण असतं हे कळलं, तेही भाच्याच्या कृपेनं. त्यानंतर ऑफिसातल्या दोघांना आणि एका मेहुण्याला नॅस लावून दिला, तिन्ही वेळा माझा क्रम बदलून वापरला, आणि प्रत्येकाचं काम एका वीकेंडात आटपलं. तोच क्रम इथे लिहितोय.

नॅस म्हणजे काय इथूनच ज्यांची सुरुवात आहे त्यांच्यासाठी: राउटरला वायरनं जोडलेला, चोवीस तास चालू राहणारा हार्डडिस्कचा डबा. आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यामुळे घरातला टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे वायफायवरून त्यातलं बघू शकतात, डिस्क इकडून तिकडे नाचवावी लागत नाही.

आणि हो, घरात एकच टीव्ही असेल आणि कलेक्शन एका डिस्कमधे मावत असेल तर ती डिस्क टीव्हीच्या मागे खोचा आणि हे वाचणं इथेच सोडा. खरंच सांगतोय. वाचलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्या आणि तिच्यावर कॉपी ठेवा.

हाताशी काय लागेल

- १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह
- कॅट-५ई किंवा कॅट-६ ची तयार वायर, दोन नग
- साधा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर
- बॅकअपसाठी बाहेरची यूएसबी डिस्क
- डेटा पोर्टवाला यूपीएस
- जीएसटीचं बिल आणि प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचा फोटो
- एक वही, कारण पासवर्ड नॅसवरच सेव्ह करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत

१. आधी घरात काय काय आहे ते मोजा

माझ्या मावशीचं घर चिपळूणला. जुलै २०२१ मधे वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं कपाट दोन दिवस पाण्यात होतं, त्यात फोटोंचे अल्बम, लग्नाच्या कॅसेट, काकांनी जमवलेल्या नाटकांच्या सीड्या, सगळ्याचा लगदा झाला. वाचली फक्त माझ्या मुंजीची कॅसेट, कारण ती कोणीतरी पुण्याला बघायला आणलेली आणि नेहमीप्रमाणे परत द्यायची राहिलेली. तेव्हा आमच्या घरात सगळे जागे झाले आणि "तू कॉम्प्युटरवाला ना, कर काहीतरी" म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात पडलं.

तर मोजायचं कसं. एका थराच्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी असतं, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. म्हणजे सरासरी ६ धरली तरी २०० डीव्हीड्यांचं सव्वा टीबीच होतं. हॅंडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेटी जशाच्या तशा उतरवल्या तर तासाला साधारण १३ जीबी खातात. गाण्यांच्या सीड्या फ्लॅकमधे (आवाजाचा दर्जा न घालवता लहान केलेली फाइल) काढल्या तर एक सीडी ३०० ते ४०० एमबी, म्हणजे किरकोळ. खरा खादाड तुमचा फोन आहे, फोर-केवर शूटिंग ठेवलं तर तासाला १० जीबी सहज जातात, आणि लेकरू बोलायला लागलं की आपण थांबतो थोडेच.

हे सगळं वहीत मांडा, बेरीज करा आणि दुप्पट करा. माझी बेरीज १.७ टीबी आली होती, दुप्पट करून ४ टीबी घेतलं, तीन वर्षांनी त्यातलं पाऊण भरलंय. १६ टीबीची स्वप्नं पाहू नका, डिस्क नंतर मोठ्या बसवता येतात.

२. टीव्हीला काय पचतं ते पेनड्राइव्हवर बघा

ही पायरी कोणीच करत नाही आणि अर्धी डोकेदुखी इथूनच सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॅसवरची फाइल टीव्हीला जशीच्या तशी पचली तर नॅसला काही काम नसतं, तो फक्त फाइल वाढतो. पण टीव्हीला ती पचली नाही तर नॅसला ती तिथल्या तिथे दुसऱ्या प्रकारात बदलून द्यावी लागते, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि याच्यासाठीच लोक महागडे डबे घेतात. म्हणजे तुम्हाला महाग डबा लागणार की साधा चालणार, हे तुमचा टीव्ही ठरवतो, दुकानदार नाही.

पेनड्राइव्हवर पाच वेगवेगळ्या फाइली घ्या: एक डीव्हीडीतून काढलेली, एक ब्लू-रेमधून काढलेली, एक फोनवरची फोर-के, एक जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, आणि एक सबटायटल असलेली. पेनड्राइव्ह एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल जातच नाही (मी अर्धा तास पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून शिव्या घातल्या होत्या). मग टीव्हीत खोचून एकेक चालवा आणि वहीत लिहा. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर आणि नंतर वापरायचं ॲप यांच्यात थोडा फरक पडतो, पण अंदाज पक्का येतो.

काय काय अडतं ते सांगतो. पहिला आवाज. चित्र झकास दिसतं आणि आवाज ठार बंद, असं झालं तर तो बहुतेक डीटीएस आवाज असतो, बऱ्याच टीव्हींना तो चालत नाही. सुदैवानं नुसता आवाज बदलायला नॅसला फार ताकद लागत नाही, साधा डबाही करतो.

दुसरं सबटायटल. हे लिहून ठेवा, कारण इथे भले भले फसतात. सबटायटल दोन प्रकारची, एक साधा मजकूर असलेली एसआरटी, आणि दुसरी चित्राची, जी डीव्हीडी आणि ब्लू-रेवर असतात. चित्रवाली सबटायटलं टीव्हीवरच्या ॲपला दाखवता आली नाहीत की नॅस ती पिक्चरवर छापत बसतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्यानं बनवतो, आणि तुम्हाला वाटतं "काल तर हीच फाइल मस्त चालली". काल सबटायटल बंद होतं ना! शक्य तिथे एसआरटी वापरा. मराठी एसआरटी असेल तर ती यूटीएफ-८ मधे सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे टाईप केलेलं असेल तर आधी युनिकोडमधे आणावं लागेल.

तिसरं, कॅसेटवरून उतरवलेलं. त्यात कोणाचा हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. माझ्या मुंजीत गुरुजी अक्षता टाकतात तिथे आख्खा मांडव कंगवा होतो. हे इंटरलेसिंग, फाइल खराब नाहीये. मूळ फाइल तशीच ठेवा आणि हॅंडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून डीइंटरलेस करून, म्हणजे त्या रेघा घालवून, बघण्यासाठी वेगळी कॉपी बनवा. एकदाच करायचं काम आहे, ते दर वेळी नॅसकडून करून घेऊ नका.

आता वहीत बघा. पाचातल्या चार चालल्या तर साधा डबा पुरे. तीन अडकल्या तर लगेच महागडा नॅस घेऊ नका, आधी टीव्हीला एखादी चांगली अँड्रॉइड टीव्हीवाली स्टिक किंवा पेटी लावून तेच परत तपासा. माझ्या मते नव्वद टक्के घरांत खरं उत्तर हेच आहे, नॅसवर दहापंधरा हजार जास्त घालवण्यापेक्षा टीव्हीच्या मागची काडी बदला.

३. राउटर आणि वायर

इंटरनेटचा स्पीड इथे विसरा. तुमचा प्लॅन ५० चा असो की ५०० चा, नॅसवरून टीव्हीकडे जाणारं सगळं घरातल्या घरात फिरतं. बघायचं ते राउटरची लॅन पोर्टं, म्हणजे वायर खोचायच्या जागा. इंटरनेटवाला जो डबा फुकट देतो त्याची पोर्टं बऱ्याचदा फक्त १०० एमबीपीएसची असतात. त्यावर सेकंदाला ११ एमबी मिळतात, गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसच्या पोर्टवर, ११०. म्हणजे २ टीबी भरायला गिगाबिटवर पाच तास आणि त्या फुकटच्या डब्यावर दोन दिवसांहून जास्त. मी पहिल्यांदा भरायला लावलं तेव्हा लॅपटॉप दोन रात्री तसाच उघडा, बायको म्हणाली याला आता पांघरूण घालू का.

यावर उपाय स्वस्त आहे. पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारी छोटी डबी, घ्या, नॅस आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याला जोडा. वायर तयार घ्या, घरी क्रिंप केलेली नको, कारण आठातली एक तार जरी नीट बसली नाही तरी लिंक गुपचूप १०० वर उतरू शकते आणि कुठेही एरर येत नाही.

टीव्हीची एक गंमत. महागड्यातल्या महागड्या टीव्हीचंही लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचंच असतं. नेहमीच्या ब्लू-रेला ते पुरतं, पण फोर-के ब्लू-रेचा वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, तिथे वायर लावलेली असूनही अडखळतं आणि वायर काढून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकलं की सुरळीत. वायर म्हणजे नेहमीच भारी, असं काही नाही.

४. किती खण?

दोन. पुढे.

बरं, थोडं सांगतो. एका खणाचा, म्हणजे एकच डिस्क बसणारा, डबा स्वस्त दिसतो पण डिस्क गेली की सगळं गेलं. दोन खणांत दोन सारख्या डिस्क घालून मिरर करायचं, याला रेड-१ म्हणतात, दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक मेली तर दुसरी चालू राहते. ४ अधिक ४ टाकल्या तर वापरायला ४ च मिळतात, हे गृहीत धरा. चार खणांत रेड-५ केलं तर चारातल्या तीन डिस्कांची जागा मिळते, पण ते ज्यांचं कलेक्शन दहा-बारा टीबीच्या वर आहे त्यांच्यासाठी. रेड-० च्या वाटेला जाऊ नका, त्यात एक डिस्क गेली की दोन्हीवरचं जातं.

आणि आता भाचा. वय सहा. मी टीव्हीवरच्या फाइल मॅनेजरला नॅसचा पूर्ण ॲक्सेस देऊन ठेवला होता, माझंच चुकलं. त्यानं कार्टून शोधता शोधता "फोटो २०१९" वर रिमोटचं बटण दाबून धरलं, काहीतरी विचारलं त्याला हो म्हणाला, आणि फोल्डर गेला. मी शांत, म्हटलं मिरर आहे ना. मिररनं अत्यंत प्रामाणिकपणे तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवरूनही उडवला, त्याच सेकंदाला. रीसायकल बिन मी जागा वाचवायला बंद केला होता. अर्धे फोटो जुन्या लॅपटॉपवर सापडले, बाकीचे गेले ते गेले.

मिरर डिस्क मेली तर वाचवतो, माणसाच्या बोटापासून नाही.

५. आता डबा बघा

इथपर्यंतची वही समोर घेऊन बसलात तर दुकानात मॉडेलं ढीगभर असली तरी तुमच्यासाठी दोनतीनच उरतील.

प्रोसेसर दोन जातीचे. एआरएमवाले स्वस्त, वीज कमी खातात, फाइली वाढायला उत्तम, ट्रान्सकोडिंगला साधारणपणे कुचकामी. इंटेलवाले, म्हणजे सेलेरॉन जे४१२५ किंवा नंतरचा एन१००, यांच्यात ग्राफिक्सचा भाग असतो आणि तो ट्रान्सकोडिंग आरामात उचलतो. पाचातल्या चार फाइली चाललेल्यांनी एआरएम घ्या. ज्यांची पोरं बाहेरगावी शिकतायत आणि मोबाइल डेटावर घरचं बघणार आहेत त्यांनी इंटेल, कारण तिथे फाइल लहान करून पाठवावी लागते.

महाग म्हणजे चांगला, हे इथे चालत नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या डीएस९२३ प्लसमधे एएमडीचा रायझन आर१६०० आहे, ऑफिसच्या कामाला दणकट, पण त्याला ग्राफिक्सच नाही, म्हणजे व्हिडिओ बदलायला तो जुन्या जे४१२५ वाल्या डीएस२२४ प्लसच्याही मागे. सिनॉलॉजीत नावातले शेवटचे दोन आकडे सालाचे, जे हे अक्षर लागलं की स्वस्त वर्ग, प्लस म्हणजे वरचा. क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर यांचेही दोन खणांचे डबे आहेत, प्रोसेसरचं नाव काढा आणि त्यावरून बघा, कंपनीवरून नाही.

कंपनीच्या व्हिडिओ ॲपवर भरवसा ठेवून डबा निवडू नका. सिनॉलॉजीनं २०२४ मधे डीएसएम (त्यांच्या डब्यांची सिस्टिम) ७.२.२ आणलं तेव्हा व्हिडिओ स्टेशन हे आपलं ॲप काढूनच टाकलं. २०२५ च्या प्लस मॉडेलांवर तर ठरावीक डिस्कच चालतील अशी अट घातली होती, त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि ऑक्टोबर २०२५ मधे डीएसएम ७.३ बरोबर ती सैल केली. म्हणजे घ्यायच्या दिवशी डिस्कांची यादी कंपनीच्या साइटवर बघूनच पैसे द्या.

पिक्चर लावायला जेलिफिन किंवा प्लेक्स. जेलिफिन पूर्ण फुकट, ट्रान्सकोडिंगसकट. प्लेक्स दिसायला जास्त सुबक, सासूबाईंनाही जमतो, पण प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर ट्रान्सकोडिंग हवं तर पास विकत घ्यावा लागतो आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलंच कलेक्शन बघायलाही पैसे पडतात. मी जेलिफिनवर आहे, सुरुवातीला एक संध्याकाळ डोकं खातं, मग गप असतं.

जुना पीसी पडलाय, त्यालाच नॅस केला तर? करा की. ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही नॅसची सॉफ्टवेअरं आहेत, त्यातलं एक टाका, दोन्ही फुकट. फक्त दोन गोष्टी: जुना पीसी साठसत्तर वॉट सहज खातो, आणि काही बिघडलं तर रविवारी सकाळी तुम्हीच मेकॅनिक. ज्याला हा नाद आहे त्याच्यासाठी मजा आहे, ज्याला फक्त पिक्चर बघायचाय त्यानं या भानगडीत पडू नये.

६. डिस्क

दोन डिस्कांचं बिल बऱ्याचदा डब्याइतकं नाहीतर जास्तच होतं, म्हणून इथे घाई नको.

डिस्क लिहिण्याच्या दोन पद्धती, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमधे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी जाणवत नाही, पण मिररमधली एक डिस्क मेली आणि नवी भरायची वेळ आली की ती रडत रडत भरते. नॅससाठी सीएमआरच घ्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलच्या रेड प्लस सीएमआर आहेत, तीन वर्षं वॉरंटी, दोघांच्या प्रोला पाच. नुसती रेड आणि रेड प्लस यात गल्लत करू नका, नुसत्या रेडमधे एसएमआर येते.

४ टीबीची डिस्क नॅसवर ३.६ दिसेल. कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.

आता खरा सापळा, वॉरंटी. माझी पहिली जोडी मी एका दुकानातून घेतली, पेटी नाही, नुसतं चंदेरी पाकीट, भाव बाजारापेक्षा दोन हजारांनी कमी. विचारलं तर म्हणे "साहेब, तीन वर्षं आमची गॅरंटी, काय टेन्शन घेताय". घरी येऊन कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला तर एकीला वॉरंटीच नाही आणि दुसरीची तारीख सहा महिन्यांत संपणारी. तेव्हापासून नियम: तपकीर गल्ली असो, लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, दुकानात उभं राहून फोनवर सिरीयल नंबर तपासायचा, ऑनलाइन असेल तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी तपासायचं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

नॅसमधे बसवल्यावर लगेच डिस्कच्या तब्येतीचं पान उघडा, स्मार्ट नावाचं, त्यात किती तास चालली आहे ते दिसतं. नवी डिस्क शून्य किंवा एकआकडी दाखवते. हजारांत आकडा असेल तर कोणाची तरी जुनी तुमच्या गळ्यात मारलीय. हा आकडा पुसूनही विकतात, म्हणून नुसत्या तासांवर जाऊ नका, वॉरंटीची तारीखही बघाच. दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या तर उत्तम, एकाच लॉटमधल्या जोडीला एकाच वेळी आजार होऊ शकतो. मग भरण्याआधी दोन्हीवर पूर्ण तपासणी चालवा, ४ टीबीला रात्रभर लागतं, लागू दे.

७. वीज आणि गरमी

दोन खणांचा नॅस वीसेक वॉट खातो. दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला १५, युनिटला दहा रुपये धरले तरी दीडशे. तेवढ्यासाठी रोज रात्री बंद करू नका.

लाइट जाण्याचं मात्र मनावर घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइली बिघडतात. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" म्हणणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागे जाऊन बटण बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडवर वीज बदलताना जो झटका बसतो त्यात पंखा फिरत राहतो पण नॅस रीस्टार्ट होतो. माझा दोन महिने असाच होत होता आणि मी डिस्कवर संशय घेत होतो. यूपीएस मोडवर ठेवा, किंवा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या, पण त्याला यूएसबीचं डेटा पोर्ट पाहिजे. मग वीज जाऊन पाचदहा मिनिटं झाली की नॅस स्वतःच नीट बंद होतो. स्वस्तातल्यांना हे पोर्ट नसतं, पेटीवर वाचा.

जागा: टीव्हीच्या बंद कपाटात नको, देवघराजवळ नको (उदबत्तीची राख पंख्यात जाते, मेहुण्याच्या घरी हेच झालं). एप्रिल-मेमधे डिस्कचं तापमान ५० च्या वर जाऊ देऊ नका. विदर्भात असाल तर उन्हाळ्यात हे रोज बघा.

८. पहिल्या संध्याकाळी करायची कामं

राउटरमधे जाऊन नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून टाका, नाहीतर लाइट जाऊन आली की टीव्ही म्हणणार सापडत नाही. ॲडमिन नावाचं खातं बंद, तुमच्या नावाचं नवं चालू, त्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन. टीव्हीसाठी वेगळं खातं, फक्त वाचायची परवानगी, भाचा आठवा. रीसायकल बिन चालू. डबा बीटीआरएफएस (डिस्क मांडायची एक पद्धत) चालवत असेल तर तेच फॉरमॅट घ्या आणि रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी काय होतं त्याची नोंद, लावा, म्हणजे उडालेला फोल्डर कालच्या स्नॅपशॉटमधून उचलता येतो.

आणि राउटरमधे पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायची वाट मोकळी करून, नॅस इंटरनेटवर मांडू नका, व्हिडिओत कोणी कितीही सोपं करून दाखवलं तरी. जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडे असलेले हजारो क्यूनॅप डबे कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. घरबसल्या लोकांचे लेकरांचे फोटो गेले. बाहेरून बघायचंच असेल तर नॅसवर आणि फोनवर टेलस्केल नावाचं ॲप टाका, ते दोघांना खाजगी वाटेनं जोडतं, पोर्ट उघडावं लागत नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही होत नाही आणि माणूस रात्री दोनपर्यंत राउटरशी भांडत बसतो.

९. फाइलींची नावं, मराठीत ठेवणार असाल तर

पिक्चरच्या फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष द्या, जेलिफिन पोस्टर स्वतः शोधतं. एकाच नावाचे दोन-तीन पिक्चर असतात, वर्ष नसेल तर भलत्याचंच पोस्टर लागतं. नाटकांची रेकॉर्डिंगं आणि घरगुती व्हिडिओ वेगळ्या लायब्ररीत ठेवा आणि तिथे इंटरनेटवरून माहिती आणायचं बंद करा, नाहीतर "ताईचं लग्न" ला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर येतं.

देवनागरी नावं चालतात, पण एक मर्यादा कोणी सांगत नाही. नावाची लांबी अक्षरांत नाही, बाइटमधे मोजली जाते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगवेगळे धरून. "आजोबांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम" हे एवढंसं नाव १०१ बाइट होतं. सगळी मिळून हद्द २५५ ची, म्हणजे साधारण ८५ चिन्हं. पण सिनॉलॉजीवर फोल्डर एन्क्रिप्ट केलात तर हद्द १४३ वर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं, आणि मग लांब नावाच्या फाइली कॉपी होताना मधेच अडतात. नाव छोटं ठेवा, पुढे वर्ष लावा, बाकी वर्णन ॲपमधे लिहा.

१०. बॅकअप, जो मी शेवटी केला आणि तुम्ही त्याच आठवड्यात कराल

तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. नॅसवरची एक, नॅसच्या यूएसबीला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या गावी.

सगळ्याच्या तीन प्रती करायची गरज नाही, तेवढे पैसे कोणाकडे आहेत. वहीत दोन रकाने करा, परत मिळू शकणारं आणि परत न मिळणारं. डीव्हीडी कपाटात आहे, परत काढता येईल, तिला एक प्रत बस्स. मुंज, लग्न, आजीचा आवाज, फोटो, याच्या तीन. माझं दुसऱ्या रकान्यातलं सगळं मिळून ६०० जीबी भरलं, १ टीबीच्या खिशातल्या डिस्कवर मावलं. अशा दोन डिस्क आहेत. एक इथे पुण्यात, एक मावशीकडे चिपळूणला, यावेळी वरच्या मजल्यावर. गणपतीत जातो तेव्हा अदलाबदल करतो, इथली ताजी तिकडे, तिकडची इकडे.

आणलेली डिस्क लगेच पुसायची नाही. आधी तिच्यातल्या कुठल्याही चार फाइली लॅपटॉपवर उघडून बघायच्या, शेवटपर्यंत चालतात का. गेल्या वर्षी चारातली एक चालली नाही, वायर सैल होती म्हणून कॉपी अर्धीच झालेली, आणि वर्षभर ती अर्धी प्रत तिकडे आरामात पडून होती.